बंधाऱ्यावर एकटाच असणारा काळपट पाणपक्षी, उडाला की कमरेवर पांढराफेक. कोणता असेल?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं रान येरळा नदीला लागून आहे, विट्याच्या बाजूला, आणि रानाच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा असल्यामुळं सध्या बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेलेत, पाणी वाहतंय आणि दोन्ही काठांना गाळ उघडा पडलाय. तिथं जुलै संपता संपता एक पक्षी यायला लागलाय आणि आता ऑगस्ट निम्मा झाला तरी सकाळी मोटर चालू करायला गेलं की असतोच. एकटाच असतो, जोडी नाही थवा नाही.

आकारानं साळुंकीपेक्षा जरा लहान, पण पाय उंच आणि चोच सरळ, लांबट. वरून गडद, लांबून तर काळाच वाटतो, पोट पांढरं. मागचा भाग सारखा खालीवर करतो, धोबी करतो तसा पण तेवढा भरभर नाही. चिखलात खोल चोच खुपसताना दिसला नाही, कडेकडेनं चालत वरवरचं टिपतो.

आणि जरा जवळ गेलं की एकदम ओरडत उठतो, आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या काठावरच्या माणसानं मान वळवावी. उडताना शेपटीच्या वरचा भाग, म्हणजे कमर, चुना लावल्यासारखी पांढरी दिसते. मग वाकडातिकडा वर वर जातो, पार उंच, आणि लांब कुठंतरी ओढ्याकडं उतरतो.

मोबाईलवर फोटो काढलेत पण त्यात ठिपका सोडून काही दिसत नाही म्हणून टाकत नाही. आमचे आण्णा म्हणतात हा पाणलावा, शेजारचे म्हणतात टिटवीचं पिल्लू. टिटवीचं पिल्लू नाही एवढं मला कळतं, पण मग काय? आणि नुसतं नाव नको, ओळखायचं कसं ते पण सांगा, कारण मला हे शिकायचंय.

कातळशिल्प७७

शेपटी खालीवर, एकटा, पाण्याच्या कडेला... माझ्या मते तुतारी. कॉमन सँडपायपर. आमच्याकडं सगळ्या धरणांच्या भिंतींवर, दगडी घाटांवर असते. पण तिची कमर पांढरी नसते, तिथं माझी गाडी अडतेय. पंखावर पांढरी पट्टी दिसली का उडताना? आणि उडते ती पाण्याला चिकटून उडते, उंच जात नाही. जाणकार बोलतीलच.

चिखलपाय

दादा, तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरजच नाही. कमर पांढरी, उंच जाणं, ओरडत उठणं, या तीन गोष्टींनी कॉमन सँडपायपर बाद झाली. पाणलावापण बाद, कारण पाणलाव्याची चोच डोक्याच्या जवळजवळ दुप्पट असते आणि तो गवतात दबून बसतो, पाय पडायच्या बेतात आला की उडतो, असा उघड्यावर फिरत राहत नाही शक्यतो.

आता राहिल्या दोन, ग्रीन सँडपायपर आणि वूड सँडपायपर. मराठीत हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी. इथं नवीनच काय जुन्या लोकांची पण गल्लत होते, कारण दोघींची कमर पांढरी, दोघी शेपूट हलवतात, दोघी आपल्याकडं हिवाळी पाहुण्या आणि दोघी गोड्या पाण्याच्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, रंग बघू नका. हिरव्या तुतारीत हिरवं म्हणण्यासारखं काही नाही, पाय तेवढे मळकट हिरवट असतात आणि तेपण चिखलानं भरले की संपलं. सकाळच्या तिरप्या उन्हात कुठलाही तपकिरी पक्षी काळा दिसतो आणि दुपारी तोच फिका दिसतो. रंगावर जे ओळखायला जातात ते वर्षानुवर्षं तिथंच अडकून राहतात, हे मी फार लोकांचं बघितलंय.

त्याऐवजी डोळ्याच्या वरची पांढरी भुवई बघा. हिरव्या तुतारीची भुवई चोचीपासून निघते आणि डोळ्यापाशीच थांबते, डोळ्याभोवती मात्र पांढरं कडं स्पष्ट असतं. ठिपकेवालीची भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत लांब जाते. दुर्बीण असेल तर ही एकच खूण पुरते. दुर्बीण नसेल तर अंगाची ठेवण बघा, हिरवी जरा भरलेली आणि ठेंगणी, ठिपकेवाली सडपातळ, मान उंच, पाय पिवळसर आणि लांब. पाठीवर ठिपके दोघींना असतात, पण हिरवीचे अगदी बारीक, लांबून पाठ कोरी गडदच वाटते. ठिपकेवालीची पाठ मात्र लांबून पण खडीदार दिसते.

दुसरी गोष्ट उडताना, आणि ती तर दुर्बिणीशिवाय दिसते. पंखाची खालची बाजू बघा. हिरवीची खालची बाजू जवळजवळ काळी असते, त्यामुळं डोक्यावरून गेली की काळे पंख आणि पांढरं पोट असा कडक काळापांढरा पक्षी दिसतो. ठिपकेवालीची खालची बाजू फिकी, सगळंच मवाळ. शेपटीवर पण फरक आहे, हिरवीच्या शेपटीवर मोजक्या रुंद काळ्या पट्ट्या, ठिपकेवालीच्या बारीक बारीक पुष्कळ. आणि ठिपकेवालीचे पाय शेपटीच्या बाहेर चांगले डोकावतात, हिरवीचे जेमतेम.

तिसरी गोष्ट आवाज. हिरवीचा चढत जाणारा आणि थोडा वळण घेणारा, ट्लुईऽऽट वीट-वीट, घंटेच्या बाजूचा. ठिपकेवालीचा कोरडा, एका पट्टीत, चिफ्-इफ्-इफ्. एकदा दोन्ही कानात बसले की आयुष्यात चुकत नाही, मी तर बऱ्याचदा आवाजावरच वहीत लिहितो आणि मग पक्षी शोधतो.

माझा कल हिरवीकडं आहे, पण तुम्ही उद्या जाऊन भुवई आणि पंखाची खालची बाजू बघा आणि इथं लिहा. मी सांगितलं म्हणून मान्य करू नका.

ता.क. कमरेवरचं पांढरं पाठीवर निमुळतं होत वर चढत जात असेल, खांद्यांच्या मधोमध टोक होत असेल, तर गोष्ट वेगळी. मग तो ग्रीनशँक किंवा मार्श सँडपायपर. ग्रीनशँक आकारानं चांगलाच मोठा असतो आणि त्याची चोच किंचित वर वळलेली असते. तुमच्या साळुंकीच्या मापात तो बसणार नाही, पण बघताना हेही डोक्यात असू द्या.

येरळाकाठ

चिखलपाय सर, वाचलं, परत परत वाचलं. मामेभावाची दुर्बीण आणली, जुनी आहे पण चालते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला बाभळीखाली बसून राहिलो. जवळ जायचा प्रयत्नच केला नाही, बसल्यावर तोच चालत चालत इकडं आला.

भुवई डोळ्यापाशीच संपते. मागं नाही जात. डोळ्याभोवती पांढरं गोल कडं एकदम स्पष्ट. पाय कळेनात, चिखलानं माखलेले. पाठीवर ठिपके आहेत पण टाचणीच्या डोक्याएवढे, आणि छाती वरच्या बाजूला करडी, मग तिथून खाली एकदम पांढरं सुरू होतं, रेघ मारल्यागत.

मग पलीकडून म्हशी पाण्यावर आल्या आणि तो उठला, नेमका माझ्या डोक्यावरून गेला. पंखाखाली काळा! काळाकुट्टच म्हणा. आवाज मोबाईलवर पकडलाय, वाऱ्याचा घोंघाट आहे पण ओरडणं ऐकू येतं. मर्लिन ॲपला ऐकवलं तर त्यानंपण ग्रीन सँडपायपर म्हटलंय.

म्हणजे हिरवी तुतारी नक्की ना? एक गोष्ट मात्र समजत नाही. हिवाळी पाहुणी म्हणालात ना? मग ही ऑगस्टात कशी? ऑगस्टात तर आमच्याकडं बेंदूर होऊन थोडेच दिवस झालेले असतात, हिवाळा कुठला.

चिखलपाय

नक्की. शंभर टक्के हिरवी तुतारी, इंग्रजीत ग्रीन सँडपायपर, शास्त्रीय नाव ट्रिंगा ऑक्रोपस. आणि छातीवरची ती रेघ मारल्यासारखी सीमा तुम्ही न सांगता बघितलीत, ती पण तिचीच खूण. ठिपकेवालीत छातीचा करडेपणा हळूहळू विरत जातो.

ॲपबद्दल एकच सांगतो, ते चांगलं आहे, वापरा, पण आधी स्वतः ठरवा आणि मग त्याला विचारा. तुम्ही नेमकं त्याच क्रमानं केलंत म्हणून बरं वाटलं.

ऑगस्टचं उत्तर मी ठरवून दुसऱ्यांसाठी सोडतो, इथं त्यातली माणसं आहेत.

उत्तरध्रुवी

मला बोलवल्यासारखंच झालं :) वेडर, म्हणजे उथळ पाण्यात-चिखलात चालून खाणाऱ्या पक्ष्यांच्या स्थलांतराचं मला लहानपणापासून वेड, म्हणून लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

येरळाकाठ, तुमच्या बंधाऱ्यावरची बाई, बहुधा बाईच असेल का ते पुढं सांगते, ही युरोप-रशियाच्या उत्तरेकडच्या जंगलातून आलेली आहे. स्कँडिनेव्हियापासून पार सैबेरियापर्यंत सूचिपर्णी झाडांची जी दलदलीची जंगलं आहेत तिथं यांची वीण होते. आणि आता नीट ऐका, ही पाणपक्षी असून झाडावर अंडी घालते. स्वतः घरटं बांधत नाही. कस्तुर पक्ष्यांनी, कबुतरांनी आदल्या वर्षी सोडून दिलेलं घरटं पाइन किंवा स्प्रूसच्या झाडावर असतं, त्यात जाऊन साधारण चार अंडी घालते. तुतारी, चिखले, टिटवी, टिलवे या सगळ्या गोतावळ्यात बहुतेक सगळे जमिनीवर अंडी घालणारे, आणि ही मात्र झाडावर. तीन आठवड्यांच्या आसपास अंडी उबवायची, आणि पिल्लं बाहेर आली की अंग सुकल्यावर सरळ खाली उडी मारतात. पंख नाहीत, पिसं नाहीत, नुसते लव असलेले गोळे, शेवाळावर पडतात आणि उठून चालायला लागतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

आता ऑगस्टचं. तिकडचा उन्हाळा छोटा. पिल्लं मोठी व्हायच्या आधीच मादी निघून जाते, उरलेली राखण नर करतो. त्यामुळं माद्या जूनमध्येच दक्षिणेकडं सरकायला लागतात, मागून नर आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षीची पिल्लं, आईबापाशिवाय, वाट कुणी न दाखवता. म्हणून आपल्याकडं जुलैअखेर किंवा ऑगस्टात जी पहिली हिरवी तुतारी दिसते ती मोठी मादी असण्याची शक्यता जास्त. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळं बघून सांगता येणार नाही, पण वेळेवरून अंदाज बांधता येतो.

हिवाळी पाहुणे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं डिसेंबर येतो, भिगवणला फ्लेमिंगो वगैरे. पण या तुताऱ्या पाऊस चालू असताना येतात आणि जातात एप्रिल-मेला. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने त्या आपल्याकडं असतात आणि अंडी घालायला तेवढ्या दोन-तीन महिने तिकडं. मला विचाराल तर यांना पाहुणे म्हणणंच चुकीचं, ही निम्म्याहून जास्त आपली माणसं आहेत.

वजन किती असेल हिचं? पाऊणशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवानं मध्य आशिया ओलांडून यायचं. हा जो उत्तर आशियापासून आपल्यापर्यंतचा आकाशमार्ग आहे त्याला सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात, त्यात ३० देश येतात आणि भारत त्याच्या अगदी मधल्या मोक्याच्या जागी आहे.

कातळशिल्प७७

उत्तरध्रुवी ताई, खाली उडी मारणाऱ्या पिल्लांचं माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला.

माझ्या कॉमन सँडपायपरबद्दल थोडी भर घालतो, म्हणजे तीन बहिणी एका जागी होतील. तिची सगळ्यात सोपी खूण म्हणजे खांद्यापाशी, पंख आणि करड्या छातीच्या मध्ये पांढरा रंग कोपऱ्यासारखा वर घुसलेला असतो. बसलेली असताना समोरून किंवा बाजूनं पटकन दिसतो. शेपूट पंखांच्या टोकापेक्षा लांब, त्यामुळं मागून लांबुडकी. मागचा भाग हलवणं थांबतच नाही. उडते तेव्हा पंख ताठ धरून, खाली वाकवून, थरथर-थरथर आणि मग थोडं तरंगत, असं पाण्याच्या अगदी लगत जाते, आणि पंखावर पांढरी लांब पट्टी दिसते. चिखलापेक्षा दगड तिला जास्त आवडतात, धरणाची भिंत, घाटाच्या पायऱ्या, बंदरावरचा धक्का, कुठंही. आणि हिची वीण आपल्या देशातपण होते, काश्मीर, लडाखच्या नद्यांकाठी.

खाजनवाट

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं खाजनात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतात, नेमकं उलट चित्र असतं. भात कापून झालं आणि शेतात घोटाभर पाणी राहिलं की ठिपकेवाल्या तुताऱ्या उतरतात, आणि त्या एकट्या नसतात, विखुरलेला का होईना थवा असतो. एक उठली की सगळ्या चिफ्-चिफ् करत उठतात. हिरवी तुतारी मात्र मला मोकळ्या खाजनात क्वचितच भेटते, ती भेटते ती आतल्या बाजूला, कुळागरातल्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या पाटाच्या कडेला, ओहोळावर, जिथं वर झाडाची सावली असते आणि पाणी हातभर रुंद असतं.

म्हणून मी नवीन मुलांना सांगतो की पक्षी बघायच्या आधी जागा बघा. उघडं, सपाट, पाणथळ शेत आणि आठ-दहा पक्षी तर ठिपकेवालीचा विचार आधी करा. अरुंद ओढा, चर, डबकं, बंधाऱ्याचा कोपरा आणि एकच पक्षी, जो तुम्ही त्याला बघायच्या आधी तुम्हाला बघून ओरडत गेला, तर हिरवी. दगड, भिंत, धक्का तर कॉमन. अपवाद आहेत, दोन्ही एकाच डबक्यावर पण दिसतात, पण सुरुवात करायला हे बरं पडतं.

खाऱ्या पाण्याच्या बाजूला आलात तर तुतारीबरोबर रेडशँक भेटणार. त्याचे लाल पाय आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी किनार, ती लांबूनही लपत नाही.

जर्सीकर

खाजनवाट यांचं जागेवरून ओळखायचं तंत्र इकडं अमेरिकेतही तंतोतंत लागू पडतं. मी न्यू जर्सीत असते, मूळची मिरजेची, त्यामुळे येरळेचं नाव वाचून थांबलेच.

इकडं हिरव्या तुतारीची सख्खी बहीण आहे, सॉलिटरी सँडपायपर. नावच एकटी. तीच ठेवण, डोळ्याभोवती तेच पांढरं कडं, पंखाखाली तशीच काळी, तशीच डबक्याच्या कोपऱ्यात एकटी. फरक एवढाच की हिची कमर पांढरी नाही, मधून काळी, शेपटीच्या कडांना पट्टे. आणि उत्तरध्रुवींनी लिहिलेली ती झाडावरच्या घरट्याची सवय हिलापण आहे. वीण कॅनडा-अलास्काच्या जंगलात. गंमत अशी की पक्षी लोकांना आधीपासून नीट माहीत होता, पण अंडी कुठं घालतो ते पत्ता लागेना, सगळे जमिनीवर शोधत होते. १९०३ साली कॅनडातल्या आल्बर्टा भागात रॉबिनच्या जुन्या घरट्यात अंडी सापडली तेव्हा कोडं सुटलं.

आणि कॉमन सँडपायपरची इकडची बहीण स्पॉटेड सँडपायपर, उन्हाळ्यात पोटावर काळे ठिपके, हिवाळ्यात कोरी. हिच्यात मादी आधी येऊन जागा धरते, एका मोसमात एकाहून जास्त नरांशी जोडी जमवते आणि अंडी उबवणं, पिल्लं वळवणं हे बहुतेक नराच्या गळ्यात. आमच्या गावच्या तळ्यावर दरवर्षी मे महिन्यात मी मुलींना घेऊन बघायला जाते.

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आण्णांना वाचून दाखवलं, ते झाडावरच्या घरट्याला मानायलाच तयार नव्हते, मग म्हणाले असेल बाबा, देवाची करणी.

आता दोन शंका. एक, हे पिकाला काही करतात का? गावात भात-ज्वारी खाणारे पक्षी म्हटलं की गोफण निघते, म्हणून विचारतो. दुसरी, ऑक्टोबरात बरगे घातले की बंधारा तुडुंब होणार, काठाचा सगळा गाळ पाण्याखाली जाणार, मग ही कुठं जाईल?

नदीमास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि मुलांना घेऊन नदीवर जात असतो, त्यामुळं या दोन्ही शंका माझ्याकडं मुलांनी आधीच विचारलेल्या आहेत.

पिकाला काहीही करत नाही. ती दाणा खात नाही. पाण्यातले किडे, त्यांच्या अळ्या, गांडुळं, बारीक गोगलगायी, कोळी, झिंग्यासारखे छोटे जीव हे तिचं खाणं. चिखलाच्या वरच्या थरातलं आणि पाण्याच्या कडेचं टिपते. गोफण तर लांबच, खतं-औषधांचे रिकामे डबे नदीत धुवू नका एवढं गावात सांगितलंत तरी तिच्यावर उपकार होतील, कारण ती ज्या अळ्या खाते त्या त्याच पाण्यात असतात.

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे. बरगे घातल्यावर खोल पाणी होतं आणि खोल पाणी तिच्या कामाचं नाही, तिचे पाय केवढेसे. ती तिथून हलेल, पण लांब जाईलच असं नाही. वरच्या अंगाचा ओढा, पाझर तलावाची शेपटी, उसाच्या रानातून निघणारा चर, बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला गळतीचं पाणी साचून झालेलं डबकं, असल्या जागा शोधा. आपल्याकडं बंधाऱ्यातून थोडी तरी गळती होतेच आणि त्या पाण्यावर मी हिवाळाभर तुतारी बघितलेली आहे. मोठ्या धरणांचं गणित उलटं असतं, उजनीसारख्या ठिकाणी पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असतं, ते जानेवारीनंतर ओसरायला लागलं की गाळाची मैदानं उघडी पडतात आणि मग टिलवे, चिखले, गॉडविट यांची गर्दी होते. म्हणजे वेडर बघायचे असतील तर पक्ष्याच्या मागं जायच्या आधी पाणी कुठं चढतंय आणि कुठं उतरतंय ते बघावं लागतं, आणि ते तुम्हा शेतकऱ्यांपेक्षा जास्त कुणाला कळतं?

शिकायचं म्हणालात म्हणून सांगतो. एक वही करा. तारीख, जागा, पाण्याची स्थिती, पक्षी काय करत होता, एवढंच. नाव माहीत नसेल तर नाव लिहू नका, वर्णन लिहा, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत तसंच. आणि ही माहिती ईबर्डवर टाका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा ते चालवते, पैसे लागत नाहीत, मोबाईलवरून होतं. भिगवण, नांदूर मध्यमेश्वर इथल्या याद्या ढिगानं आहेत, नांदूर मध्यमेश्वर तर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तिथं माणसं जातातच. पण येरळेवरच्या एका बंधाऱ्यावर पहिली तुतारी कधी आली, शेवटची कधी गेली हे रोज तिथं जाणाऱ्या माणसाशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पुण्या-मुंबईचा कुणी तज्ज्ञ येऊन ते करू शकत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्यात छोटी तळी-बंधारे मोजले गेले तर हवेच आहेत.

आणि वाळूचं बोलल्याशिवाय राहवत नाही. नदीतली वाळू काढून काढून काठ उभे कापल्यासारखे झालेत, उथळ उतार राहिलाच नाही. तुतारीला उतार लागतो, जिथं पाणी बोटभर असतं तिथंच तिचं पोट भरतं. हिरवी तुतारी निदान अंडी तरी घालायला इथं नसते. छोटा कंठेरी चिखल्या, टिटवी, नदीसुरय यांची अंडी उन्हाळ्यात याच वाळू-गोट्यांत असतात आणि ट्रॅक्टर त्यावरून जातात. माझ्या वर्गातल्या मुलांनी चिखल्याची अंडी बघितली, करड्या गोट्यांत करडी, दाखवूनसुद्धा दिसेनात. त्यानंतर त्यातल्या एकाचे वडील ट्रॅक्टर तेवढ्या पट्ट्यातून नेत नाहीत.

चिखलपाय

नदीमास्तरांच्या पोस्टला माझे दोन्ही हात वर. फक्त एक जोडतो, चिखल्याची अंडी दिसली तर लगेच मागं फिरा, फोटोसाठी थांबू नका. पक्षी उठलेला राहिला की मार्च-एप्रिलच्या उन्हात अंडी तापतात. आणि जागा फेसबुकवर टाकू नका.

येरळाकाठ, तुमच्या गाळावर येत्या महिन्यात अजून गर्दी होईल. हिरवीच्या निम्म्या उंचीचे, चिखलाच्या रंगाचे, पिवळसर पायांचे, कडेनं हळूहळू सरकणारे पक्षी दिसले तर टेमिंक्स स्टिंट, मराठीत टिलवा, आणि तो उडाला की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात का बघा. डोळ्याभोवती पिवळं कडं, गळ्यात काळा पट्टा, पळतो-थांबतो-पळतो असा असेल तर छोटा कंठेरी चिखल्या. गुलाबी लांबलचक पाय म्हणजे शेकाट्या, तो तुम्हाला माहीत असेलच.

येरळाकाठ

शेकाट्या माहीत आहे, उन्हाळ्यात पाझर तलावावर असतात. पिवळ्या कड्यावाला आजच बघितला वाटतं, पळतो-थांबतो अगदी तसंच, पण गळ्यातला पट्टा काळा नव्हता, तपकिरी आणि मधोमध तुटल्यासारखा. याच वर्षीचं पिल्लू असेल का?

चिखलपाय

हो, याच वर्षीचं. पहिल्या वर्षी पट्टा तपकिरीच असतो, मध्ये तुटलेला, आणि डोळ्याभोवतीचं कडंपण मोठ्यांपेक्षा फिकं. केंटिश चिखल्याचा पट्टापण तुटलेला असतो पण त्याचे पाय काळपट आणि पिवळं कडं नसतं. पाय बघा आणि वहीत लिहा.